उपचार करणाऱ्यानेच देखरेख करावी काय?



मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्राचा पदवीधरही नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, त्यात वडिलांचे काम गेले आणि पाठोपाठ माझी शाळाही सुटली. पुढे जे काही वाचन घडले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयांतून. तेव्हा मनाच्या आजारांविषयी या व्यासपीठावरून बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच ठरेल. माझे उत्तर एवढेच की, गेली वीसएक वर्षे मी दवाखान्यांतील कंत्राटी नोकरांची आणि आशाताईंची गाऱ्हाणी ऐकत आलो आहे, आणि त्यांतले एक गाऱ्हाणे मला सोडवता आले नाही.

कापसाच्या मुलखातल्या एका गावची आशाताई. घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारायचे, झोप लागते का, अन्न गोड लागते का, जीव नकोसा वाटतो का, आणि उत्तरे कागदावर भरून वर पाठवायची, असे काम तिच्याकडे आले होते. एका घरच्या कर्त्या माणसाची उत्तरे तिला बरी वाटली नाहीत. तिने कागद वर पाठवला, आणि मनाला राहवेना म्हणून ती आणखी दोनदा आपणहून जाऊन आली. पुढच्या आठवड्यात त्या माणसाने आपले आयुष्य संपवले. मग कचेरीतून पत्र आले: पुढील भेटींची नोंद रजिस्टरात का नाही, याचा लेखी खुलासा करावा.

युनियनने प्रकरण हाती घेतले. मी कचेरीत खेपा घातल्या, तिने पाठवलेला मूळ कागद शोधून काढला आणि पत्र मागे घ्यायला लावले. आमच्या दृष्टीने लढा जिंकला होता. कचेरीसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा मागवला. ती मात्र कप तसाच पुढे ठेवून म्हणाली, "दादा, पत्र गेलं ते बरंच झालं. पण त्या दिवशी मी त्यांच्याशी काय बोलायला हवं होतं, ते मला अजून कुणी सांगितलं नाही."

तिच्यावर नजर ठेवणारे पुष्कळ होते, पण हा प्रश्न ज्याला विचारावा असा मनुष्य सबंध व्यवस्थेत तिला मिळाला नाही. आजचा विषय रूक्ष वाटेल. पण त्याचा उगम त्या न प्यालेल्या चहात आहे, हे आधी सांगून टाकलेले बरे.

आता थोडी पार्श्वभूमी. मनाचा रोगी म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीआड ठेवायचा माणूस, ही समजूत आपल्याकडे फार काळ होती. ती मोडून उपचार गावात, घराजवळ न्यावा या विचाराने १९७५ च्या सुमारास आपल्या देशात दोन ठिकाणी प्रयोग सुरू झाले. बंगलोरच्या 'निम्हान्स' संस्थेने जवळच्या सकलवाडा येथे काम मांडले, आणि चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. मग प्रश्न आला की सबंध जिल्ह्याला हे पुरे पडेल काय? १९८५ साली कर्नाटकातील बेल्लारी जिल्हा निवडण्यात आला. सुमारे वीस लाख वस्तीचा हा जिल्हा. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना शिकवून तयार केले, आणि त्यांच्या पाठीशी जिल्ह्याच्या ठिकाणी एक लहानसे पथक उभे केले. त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे देशभर पसरला.

गरज किती आहे? २०१५-१६ साली 'निम्हान्स'ने बारा राज्यांत पाहणी केली. (त्यांत महाराष्ट्र नव्हता.) शंभर प्रौढ माणसांमागे दहा-अकरा जणांना पाहणीच्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता, आणि बहुतेक आजारांच्या बाबतीत दहांतील सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोचलाच नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ तर लाखाला एकही पडत नाही. म्हणजे काम करायचे ते आशाताईने, परिचारिकेने, समुपदेशकाने, प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरने. आणि तज्ज्ञाने त्यांना शिकवायचे, सांभाळायचे, चुकले तर सावरायचे. मात्र या तज्ज्ञाचे स्वतःचे रोगी काही कमी होत नाहीत. सकाळी ओपीडीत रांग, दुपारी तालुक्याचा फेरा, आणि उरलेल्या वेळात हाताखालच्यांची देखरेख. उपचार आणि देखरेख ही दोन कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडतात ती अशी.

गळ्यात पडतात म्हणून नाइलाजाने करायची, की ती एकत्रच असावीत? याचे उत्तर मी प्रथम माझ्या घरच्या अनुभवातून शोधले.

माझे वडील साळखात्यात होते. तिथला देखरेख करणारा म्हणजे जॉबर. जुन्या काळी जॉबर माणसे भरती करी, काढून टाकी, बदलीवाल्याला काम द्यायचे की दारातून परत पाठवायचे ते ठरवी, दस्तुरी खाई. आणि माग बिघडला तर तोच हातात पाना घेऊन मागाखाली शिरे. वडील सांगत, ज्या जॉबरचा हात चाले त्याचे बोलणे माणसे ऐकून घेत. जो नुसता फेऱ्या मारी त्याला पाठीमागे नावे ठेवीत. मात्र तोच हात भरतीचा कागदही धरत असल्यामुळे त्याच्यापुढे कोणी आपली चूक कबूल करीत नसे. कापडाला गोम पडली तर दोष सुताचा, नाहीतर मागच्या पाळीचा! सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरला भरती आणि बडतर्फीच्या कामातून दूर ठेवावे अशी शिफारस केली. त्याने माग दुरुस्त करू नये, असे कमिशनने म्हटले नव्हते. ही तफावत ध्यानात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

मनाच्या दवाखान्यात ना सूत असते ना माग. तापाला थर्मामीटर आहे, मोडलेल्या हाडाला एक्स-रे आहे. उदास माणसासमोर बसलेल्या समुपदेशिकेजवळ काय असते? तिचे कान, तिचे शब्द, तिची गप्प बसण्याची शक्ती. हत्यार म्हणजे तीच. तेव्हा झीज होते ती तिचीच, आणि हत्यार बोथट झाले की नाही हे तिचे तिला कळत नाही. दिवसाकाठी सहा माणसांची दुःखे ऐकून घरी गेलेली बाई पोरांवर का ओरडते, याचा हिशेब कोणत्याही रजिस्टरात नसतो. आणखी असे की, बंद दाराआड रोग्याशी ती काय बोलली हे तिच्यावाचून कोणाला ठाऊक नसते. तिने ते कोणाला तरी उघड करून दाखवले, तरच सुधारणा. म्हणून या क्षेत्रातली देखरेख हा उपचाराचाच एक भाग आहे. वरून तपासणी करून ती होत नाही.

आल्फ्रेड कादुशिन या अमेरिकेतील समाजकार्याच्या प्राध्यापकांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात देखरेखीची तीन अंगे सांगितली. एक कारभाराचे: काम वाटणे, नोंदी, नियम. दुसरे शिकवण्याचे. तिसरे आधाराचे: काम करणाऱ्याचे मन टिकवण्याचे. आपल्याकडे पहिले अंग गलेलठ्ठ झाले आहे आणि दुसरी दोन उपाशी आहेत. महिन्याच्या बैठकीत आकडे विचारले जातात. एखाद्या रोग्याविषयी अर्धा तास बोलणे होत नाही. लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी १९५० नंतर साध्या कुटुंबवैद्यांचे गट बसवले. डॉक्टरने एक अवघड रोगी निवडायचा, कागद न पाहता त्याच्याविषयी सांगायचे, आणि बाकीच्यांनी ऐकून विचारायचे: तुम्हाला या रोग्याचा राग का येतो? १९५७ साली यावर त्यांचे पुस्तक निघाले, आणि जगभर असे गट अजून बसतात.

परंतु आपल्या अगदी शेजारचे उदाहरण आहे गोव्याचे. त्यावर थोडे थांबतो.

'संगात' ही संस्था १९९६ साली गोव्यात स्थापन झाली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून त्यांच्याकडून बोलण्याचा उपचार करता येईल काय, हा तिचा एक मोठा प्रश्न. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र उदासीनतेच्या रोग्यांसाठी सहा ते आठ बैठकींचा साधा उपचार तयार केला. बैठक तीस-चाळीस मिनिटांची. त्याचे सूत्र असे की, उदास माणूस कामे आणि माणसे टाळू लागतो, टाळल्याने आणखी उदास होतो. तेव्हा त्याच्याबरोबर बसून त्याच्या जगण्यातली लहान लहान कामे पुन्हा सुरू करायची. दहा केंद्रांतील ४९३ रोग्यांवर कसोटी घेतली आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले त्यांतील शंभरी ३९ रोगी तीन महिन्यांनी आजारातून बाहेर आले. त्या जोडीला हा बोलण्याचा उपचार मिळाला त्यांतील ६४.

वर्तमानपत्रांनी यातले समुपदेशकांचे कौतुक छापले, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यामागची घडी अधिक महत्त्वाची वाटली. हे समुपदेशक आठवड्यातून एकदा लहान गटात बसत. रोग्याच्या परवानगीने बैठकीचे ध्वनिमुद्रण केलेले असे. ते सगळे मिळून ऐकत आणि ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे गुण देत. प्रथम तज्ज्ञ गट चालवीत; पुढे समुपदेशकच चालवू लागले. महिन्यातून दोनदा एकेकट्याशी बोलणे होई ते वेगळे. तज्ज्ञांनी दिलेले गुण आणि सहकाऱ्यांनी दिलेले गुण ताडून पाहिले, तेव्हा त्यांत बऱ्यापैकी मेळ आढळला. म्हणजे स्वतः उपचार करणारी माणसे एकमेकांची देखरेख करू शकतात, एवढे तरी सिद्ध झाले.

येथे एक कबुली देतो. ध्वनिमुद्रणाची गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कामगाराच्या डोक्यावर कॅमेरा बसवणारे मालक मी पाहिलेले आहेत. हाही त्यातलाच प्रकार, असे मी आमच्या बैठकीत ठासून सांगितले. पुष्कळ दिवसांनी एका समुपदेशिकेने मला गप्प केले. ती म्हणाली, "साहेबांनी एकट्यानं बसून माझी टेप ऐकली तर मी मरून जाईन. पण आम्ही पाचजणी ऐकतो, पुढच्या वेळी दुसरीची असते. आणि तिचीही माझ्यासारखीच चुकते." मला उगीचच वाटत होते की यंत्र हाच शत्रू आहे.

आता जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे परत येऊ. त्याने रोगी पाहणे सोडून पूर्ण वेळ देखरेखच का करू नये? असा एक डॉक्टर माझ्या परिचयाचा आहे. त्याच्या तालुका-फेऱ्यांत मी काही दिवस त्याच्या गाडीत बसून हिंडलो. तो म्हणाला, "रोगी पाहणं सोडलं तर वर्षभरात ताई काय सांगताहेत ते मला कळेनासं होईल. आणि सगळा वेळ रोगीच पाहिले तर त्या सांगताहेत ते ऐकणार कोण?" त्याची रीत अशी: नव्या समुपदेशिकेला प्रथम तो आपल्या शेजारी बसवतो आणि तिच्यासमोर रोगी पाहतो. आपण अडखळलो तर नंतर तेही तिला सांगतो. मग जागा बदलायच्या. ती बोलणार, तो गप्प. रोग्याची नजर साहजिकच डॉक्टरकडे वळते. म्हणून तो रोग्याच्या पाठीमागे, भिंतीशी स्टूल टाकून बसतो. ते स्टूल पाहिले आणि वडिलांनी सांगितलेला पानेवाला जॉबर मला आठवला. हाताखालच्या माणसाने पाहिलेले असते की याचाही धागा तुटतो. म्हणून मग ती आपला तुटलेला धागा दाखवते. उपचार आणि देखरेख एका माणसाकडे असण्याचा मोठा लाभ मला हा दिसतो.

आता यातले धोके. पहिला, चांगल्या कारागिराचा धोका: दुसऱ्याचा हात अडखळला की "सरका, मी बघतो." रोगी त्या दिवशी सुधारतो, बाई कायमची मागे पडते. दुसरा धोका अधिक नाजूक आहे. समुपदेशिका एखाद्या रोग्याविषयी सांगता सांगता रडू लागली, की तज्ज्ञातला वैद्य जागा होतो आणि तो तिच्याच बालपणाची चौकशी करू लागतो. असे होता कामा नये. तिचे रडणे कामातून आले आहे. त्याचा विचार कामापुरताच व्हावा. तिला स्वतःलाच उपचार हवा असेल तर तो दुसऱ्या कोणाकडून मिळावा, आणि त्याची नोंद तिच्या सेवापुस्तकाच्या वाऱ्यालाही फिरकू नये. (ताईंनाही आणि आपल्यापैकी कोणालाही रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, हे जाता जाता सांगतो.) तिसरी गोष्ट रोग्याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने त्याच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे. गटात बोलताना नाव, गाव, आळी काहीही येऊ नये. लहान तालुक्यात हे फार अवघड जाते. "पिठाच्या गिरणीवाल्याची सून" म्हटले की संपलेच.

पण खरा अडसर यांपैकी नाही, तो जॉबरच्या दुसऱ्या हातातल्या कागदाचा आहे. या कार्यक्रमांतली बहुतेक माणसे कंत्राटावर असतात, आशाताई तर मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर. वर्षाअखेर ज्याच्या शेऱ्यावर नेमणूक पुढे चालू राहायची, त्याच्यासमोर "परवा मी त्या मुलीला नको ते बोलून बसले" असे कोण सांगणार? ती चांगलेच सांगणार. मग तज्ज्ञ चांगलेच ऐकणार, अहवालात चांगलेच लिहिले जाणार, आणि चुकलेला उपचार तसाच चालू राहणार. म्हणून माझे म्हणणे असे की, उपचार आणि देखरेख एका माणसात जरूर एकत्र असावीत. शिकवणे आणि नोकरीचा शेरा मात्र एका हातात असू नयेत. शेरा कारभाराच्या अधिकाऱ्याने द्यावा, त्याचे निकष लेखी असावेत, आणि देखरेखीच्या बैठकीत निघालेली गोष्ट त्यात वापरली जाऊ नये.

याला अपवाद आहे, आणि आमच्या काही सभासदांना तो आवडलेला नाही. रोग्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी रोग्याशी गैरवागणूक केली असेल, तर बैठकीचे दार बंद ठेवता येणार नाही. तज्ज्ञाने ते पुढे कळवलेच पाहिजे. कोणती गोष्ट खोलीत राहील आणि कोणती राहणार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवावे. सभासद म्हणाले, "मग लोक बोलणार नाहीत." मला वाटते, आधी सांगितलेल्या नियमाला माणूस फारसा भीत नाही, न सांगितलेल्याला भितो.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तेथे गोड बोलून चालत नाही. हिशेब मांडून पाहा. पाच समुपदेशिका आठवड्यातून एक तास एकत्र बसल्या, म्हणजे पाच तास खर्ची पडले. एक भेट चाळीस मिनिटांची धरली तर सात रोग्यांचा वेळ. वरचा अधिकारी म्हणतो, सात रोगी बुडवून तुम्ही गप्पा मारता! त्याला हे सात दिसतात, कारण त्यांच्यासाठी रजिस्टरात रकाना आहे. अर्ध्यावर उपचार सोडून गेलेले किती, कंटाळून नोकरी सोडलेल्या ताई किती, नव्या बाईला पुन्हा पहिल्यापासून शिकवण्यात गेलेले महिने किती, त्यांना रकाना नाही. तज्ज्ञाचेही तेच. त्याच्या ओपीडीचे आकडे मोजले जातात, स्टुलावर गप्प बसलेला तास मोजला जात नाही. मग रांग वाढली की तोच तास कापला जातो. ही कामे एकत्र असावीत असे म्हणणाऱ्याने दोन्हींना हजेरीपत्रकावर जागा दिली पाहिजे. एरवी एक काम दुसऱ्याला खाऊन टाकते, आणि खाल्ले जाते ते नेहमी देखरेखीचेच. देखरेख करणाऱ्याची देखरेख कोणी करायची, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. माझ्या परिचयाचे डॉक्टर शेजारच्या जिल्ह्यातील डॉक्टरांशी महिन्यातून एकदा फोनवर आपले अवघड रोगी बोलतात. ते त्यांनी आपल्या रविवारी बसवले आहे. हेही मला पसंत नाही, पण अजून दुसरी वाट निघालेली नाही.

आम्ही ज्या जिल्ह्यात काम करतो तेथे गेल्या खेपेच्या बोलण्यांत पगाराच्या मागणीखाली एक ओळ घातली होती: दर पंधरा दिवसांनी दोन तास रोग्यांविषयी बोलण्याची बैठक, कामाच्या वेळेत, प्रवासभाड्यासह. पगाराच्या मागणीवर पुष्कळ घासाघीस झाली. ही ओळ मात्र अधिकाऱ्यांनी फारसा विचार न करता मान्य केली. मला वाटते, त्यांना ती चहापाण्याची बाब वाटली असावी.

आता बैठक भरते. पहिल्या तीन वेळा सगळ्याजणी रजिस्टरे घेऊन आल्या आणि आकडे वाचू लागल्या. चौथ्या वेळी डॉक्टरांनी रजिस्टरे खोलीबाहेर टेबलावर ठेवायला लावली आणि आपल्याच एका बिघडलेल्या रोग्याची हकीगत सांगितली. कापसाच्या मुलखातली ती ताईही आली होती. मीच तिला आग्रह करून पाठवले होते. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पुढच्या बैठकीत तिने त्या घराची गोष्ट सांगितली, आणि दीड तास दुसऱ्या कोणत्याही रोग्याविषयी बोलणे झाले नाही. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. ते खोलीतच राहिले आहे.

या दोन तासांसाठी छापील रजिस्टरात अजून रकाना नाही. सध्या ते 'इतर' या सदराखाली लिहिले जातात.